बंद करण्याआधीची एक रेस

१

गाडी चोरीला गेली नव्हती, हीच खरी पंचाईत होती. गेली असती तर पोलिसांत तरी जाता आलं असतं. ही गाडी रोहणा गावातल्या संत्र्याच्या वाडीत, टिनाच्या शेडखाली, जिथल्या तिथे उभी होती. फक्त पोळ्यासाठी बांधलेला झेंडूचा हार तुटला होता, चाकांना ओल्या चिखलाचा गारा होता आणि आतला आरसा वर वळवलेला होता.

"कोणंतरी नेलती न आणून ठेवली," विमलाकाकू फोनवर म्हणाल्या. "तू ये मयुरी. तुह्या त्या डबीत पाह्य."

मी वर्ध्याला गाड्यांची इंजिनं तपासते. बोनेट उघडायच्या आधी लॅपटॉप लावते, म्हणून अर्धी गिऱ्हाइकं मला मांत्रिक समजतात आणि उरलेली अर्धी लबाड. काकूंची सुरभी माझी वर्गमैत्रीण, आता पुण्याला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या बाबांची गाडी तापायला लागली, तेव्हा तिच्या सांगण्यावरून मी स्टेअरिंगखाली एक डबी बसवून दिली. गाडी चालू असेपर्यंत इंजिनचे सेन्सर जे जे सांगतात ते ही डबी टिपून ठेवते. इंजिनचे फेरे किती, वेग किती, आतलं पाणी किती तापलं, बाहेरून येणारी हवा किती गरम, रेस किती दाबली. गाडी कुठे गेली ते तिला कळत नाही, आणि तिच्या घड्याळाच्या भरवशावर तर मी तव्यावर भाकरीसुद्धा टाकणार नाही. स्वस्तातली वस्तू आहे.

"चोरीला काय गेलं काकू?"

"काहीच नाई."

"मग द्या की सोडून. तुमच्या पुतण्यानं, साहिलनं फिरवली असन."

"मी शिटवर बसून आरशात पाह्यलं तर मले छत दिसलं," काकू म्हणाल्या. "उंच माणसानं फिरवलेला आरसा आहे तो. माहा धनू आलता, मयुरी. सारे मले येडी म्हणून राह्यले. तू फक्त पाहून सांग, आलता का नाई."

२

धनंजय म्हणजे धनू, सुरभीचा भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्याने बापाला न विचारता बैलजोडी विकली. ट्रॅक्टर आहे, बैल काय पोसायचे, हा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता, दिवस चुकला. पोळा तोंडावर आला होता. गावाचे बैल तोरणाखाली उभे, आणि वासुदेवराव मोकळ्या हाताने. त्यांनी साऱ्या गावासमोर सांगितलं, "ज्यानं माहे बैल इकले त्यानं माह्या शिवेत पाय ठेवू नये." पोट्टा त्याच रात्री गेला. फोन नाही, चिठ्ठी नाही. काकू दर पोळ्याला पुरण करतात आणि स्वतः खात नाहीत, हे मला सुरभीने सांगितलं होतं.

तर माझ्याकडून एवढंच पाहिजे होतं. आला होता, की नाही. मला भीती वाटत होती ती "नाही" म्हणायची.

पहिल्यांदा काकाजींना गाठलं. वासुदेवराव बुटके, उशी घेऊन गाडी चालवणारे, आणि चेहरा असा की हसले तर कर भरावा लागेल.

"काकाजी, पोळ्याले गाडी कोणं नेली?"

"पोळ्याले मी तोरणापाशी होतो. गावाले इचार."

"आरसा कोणं फिरवला?"

"मले का मालूम? मी आरशात पाहतच नाई. मागचं पाहून का करू?"

हे खरं होतं. त्यांच्याबरोबर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग तानबा. हा त्यांचा जुना सालदार, शेडची किल्ली त्याच्या हाताशी. "पोळ्याले मी दौलतरावच्या जोडीसंगं होतो बाई. झूल मीच घातली, नेलं मीच, आणलं मीच. मले गाडी चालवता आली असती तं शेण काऊन उचललं असतं?"

उरला साहिल, काकाजींच्या धाकट्या भावाचा म्हणजे दौलतरावांचा मुलगा. उंच, ताडमाड, नुकताच गाडी शिकलेला. काकाजी सोडून सगळ्यांचं बोट त्याच्याकडे.

"ताई, पोळ्याले मी झडत्या म्हणत होतो," त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. चित्रफितीत तो तोरणाखाली गळा फाडून झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणत होता, लोक हर हर महादेव करत होते. मागे काकाजी, बाजूला दौलतराव, बैलाच्या शिंगाला धरून तानबा. सगळे हजर, घामाने निथळत, बैल फुटेपर्यंत, म्हणजे तोरण तुटून जोड्या घरोघर सुटेपर्यंत.

काकूंनी ती फीत माझ्या खांद्यावरून पाहिली. "घरचं कोणीच नव्हतं न गाडीपाशी? मंग मी का म्हणत होती?"

त्यांचा चेहरा उजळला. साहिल नाही, तानबा नाही, काकाजी नाहीत, याचा अर्थ धनू, असं होत नाही. पण ते त्यांना त्या क्षणी सांगायची माझी छाती झाली नाही.

३

शेडमध्ये खाटेवर लॅपटॉप मांडला आणि गाडीची शेवटची फेरी उघडली. पहिल्याच आकड्याला अडले.

इंजिन सुरू झालं तेव्हा त्यातलं पाणी चोवीस अंशावर होतं. आत येणारी हवाही चोवीस. मी वर पाहिलं. डोक्यावर टिन, आणि टिनाखाली मी आंब्यासारखी पिकत होते. पोळ्याच्या दिवशी पाऊस नव्हता, चित्रफितीत लोक घामाघूम होते. दिवसभर या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी संध्याकाळी चोवीस अंशावर असणं शक्य नाही. इंजिन इतकं निवायला अख्खी रात्र जावी लागते. शिवाय फेरी संपत आली तसतशी हवा गरम होत गेली होती, म्हणजे वाटेतच उजाडलं होतं.

गाडी पोळ्याला गेलीच नव्हती. ती गेली दुसऱ्या दिवशी पहाटे. काकूंनी हार काढायला जाऊन दुपारी पाहिलं आणि आदल्या संध्याकाळचं धरलं, आणि मीही मुकाट्याने तेच धरलं. लोकांची साक्ष, चित्रफीत, सगळं गेलं पाण्यात.

मग हात पाहिला. गाडी चालवणाऱ्याचा हात लपत नाही, स्वयंपाक करणाऱ्या बाईचा लपत नाही तसाच. जाताना प्रत्येक उतारावर वेग भरपूर आणि फेरे एकदम खाली आलेले, म्हणजे गाडी न्यूट्रल केलेली. पेट्रोल वाचवायची ही खोड मी चार महिन्यांच्या नोंदींत पाहत आले आहे आणि तिच्यावरून काकाजींशी भांडलेही आहे. वेगावरून अंतर काढलं, ते वाडीपासून आर्वीच्या स्टँडइतकं भरलं.

म्हणजे पहाटे गाडी काकाजींनीच नेली होती.

पण परतीचा हात दुसरा होता. उतारावर न्यूट्रल नाही. गिअर वेळेवर, रेस सावकाश. साहिल नव्हे, त्याच्या हातात गाडी सुरुवातीलाच दोनदा बंद पडते, तेही नोंदीत आहे. हा मुरलेला हात होता. तो गाडी थेट घराकडे घेऊन येत होता. आणि वाडीच्या थोडं अलीकडे, जिथे गावाची शीव लागते तेवढ्या अंतरावर, गाडी थांबली. इंजिन चालू, गाडी उभी. इतका वेळ की पाणी तापून इंजिनचा पंखा लागला, बंद झाला, परत लागला.

मग फेरे एकदम तीन हजारांवर चढले, आणि इंजिन बंद.

पुढची सुरुवात पाणी थोडं निवल्यावरची. गाडी वळली, त्याच मुरलेल्या हाताने पुन्हा आर्वीला गेली. तिथून न्यूट्रलवाले काकाजी एकटे घरी आले. चाकांचा गारा पांधणीतला, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेतला, कारण शेडकडे गावाबाहेरून जायला तीच वाट आहे. बुटक्या माणसाने सीट पुढे ओढली, पण आरसा तसाच राहिला, कारण तो माणूस आरशात पाहतच नाही.

दुसरा माणूस कोण, हे मला आता जवळजवळ कळलं होतं. पण जवळजवळ कळलेलं एखाद्या आईला कसं सांगायचं?

४

काकू चहा घेऊन आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. "काय दिसून राह्यलं?"

काकाजींचं नाव मला इतक्यात काढायचं नव्हतं. म्हणून जे बिनकामाचं वाटत होतं तेच बोलले. "काही नाही काकू, ज्यानं चालवली त्याला पेट्रोलची किंमत नाही. गाडी उभी, आणि बंद करायच्या आधी उगाच एक रेस मारली."

काकूंनी कप खाली ठेवला. "पुन्हा सांग."

"उभ्या गाडीत रेस मारली."

"कित्तीक खेपा?"

"एकदाच. मोठी."

"न मंग बंद केली?"

"हो."

त्यांनी गाडीकडे तोंड वळवलं. मग बोलल्या ते माझ्याशी नव्हे.

"वावरातून ट्रॅक्टर घेऊन आला का दारात उभा करे, एक रेस मारे, न मंग बंद करे. मी चुलीपाशी असो. ती रेस आयकली का तवा ठेवो. मी त्याले म्हणो, काऊन डिझल जाळतं रे उगाच? तं म्हणे, आई, मी आलो हे तुले कसं समजन मंग?"

मी आयुष्यात हजारो इंजिनांच्या रेघा पाहिल्या असतील. त्या रेघांपैकी एक कोणी आईसाठी मारलेली हाक असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी चहा प्यायचं नाटक केलं.

"आलता माहा धनू," काकू म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण मले आयकू काऊन नाई आलं? कुठी मारली ती रेस, मयुरी?"

मी लॅपटॉप मिटला. "बघून सांगते," म्हटलं आणि सरळ दौलतरावांच्या घराकडे निघाले.

५

साहिल ओसरीवर पाय पसरून बसला होता.

"करीच्या पहाटे कुठे होतास?"

"मारबत काढाले. साऱ्या पोट्ट्यांसंगं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट म्हणजे करीची पहाट. इडापीडा, खोकला, ढेकूण, सगळं त्या मारबतीच्या पुतळ्यावर घालून पोरं शिवेबाहेर नेतात. ती बाहेर पडेपर्यंत रोहण्यात कोणी बाहेरचा आत येत नाही, गावची रीत आहे.

"आर्वीच्या रस्त्यावर शिवेपाशी काकाजींची गाडी होती?"

त्याने पाय आवरले. "होती. बाभळीखाली, दिवे बंद करून. दोन जणं होते आत."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तुमी पोळ्याचं इचारलं ताई, मी पोळ्याचं सांगतलं. हे तं करीचं होय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "न काकाजीनं मले पाह्यलं, तं ओठावर बोट ठेवलं."

रोहण्यात कोणीच माझ्याशी खोटं बोललं नव्हतं. मीच भलत्या दिवसाचा प्रश्न घेऊन फिरत होते.

काकाजी वाडीत एका झाडाच्या आळ्यातलं गवत काढत होते. मी समोर बसले आणि सगळं ओळीने सांगितलं. थंड इंजिन, उतारावरचं न्यूट्रल, दुसरा हात, आरसा, शीव, रेस. ते खुरपं चालवत राहिले. रेसेपाशी आले तेव्हा खुरपं थांबलं.

"त्यानं पोळ्याच्या राती फोन केला," ते म्हणाले. "सहा वर्सांत पह्यल्यांदा. म्हणे, बाबा, बैल फुटले का? मी म्हटलं, फुटले, तू ये. पहाटे आर्वीले उतरतो म्हणे. मी गेलो. त्याले म्हटलं, तूच चालव, घरी तू चालवत आलेला बरा दिसशीन."

"मग?"

"मारबत आडवी आली. खुशीत माह्या ध्यानातच नाई राह्यलं का कर आहे. तोही इसरला. मी म्हटलं, थांब पाच मिनिटं, जाऊ दे तिले. तेच चुकलं. पाच मिनिटांत माणूस इचार करते." त्यांनी खुरपं मातीत खुपसलं. "समोर पोट्टे बोंबलून राह्यले, घेऊन जाय गे मारबत. हा आयकत बसला. मंग म्हणे, बाबा, तुमी तो शब्द गावासमोर बोलला. गाव समोर आहे, आता वापस घ्या, मी येतो."

"तुम्ही?"

"सारं गाव उभं होतं शिवेवर. दार उघडून एक बोलाचं होतं. तेवढ्यात साहिलची नजर आली न मी ओठावर बोट ठेवलं."

वासुदेवराव रडतात हे मला माहीत नव्हतं. ते रडत होते, मान खाली घालून, गवत हातात धरून.

"त्यानं ते पाह्यलं. मंग एक रेस मारली न गाडी बंद केली. मले वाटलं उतरते आता. नाई उतरला. म्हणे, बाबा, फिरवतो. आई दिसली तं मंग मले जाता नाई येणार. आता हे मी तिले कोण्या तोंडानं सांगू? शिवेपर्यंत आलता न गेला म्हणू?"

"नका सांगू," मागून आवाज आला. "आयकलं मी."

६

विमलाकाकू झाडाला धरून उभ्या होत्या. मला वाटलं आता नवऱ्यावर आग पाखडतील. त्यांनी पाखडली नाही.

"मी समजत होती त्याले माही आठवण येत नाई," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं मी हेच समजून जेवली न हेच समजून झोपली. अन् तो म्हणते आई दिसली तं जाता नाई येणार." पदराने तोंड पुसून त्यांनी एकच विचारलं, "कुठी राह्यते?"

"अमरावतीले. ट्रॅक्टर दुरुस्त करते. पत्ता आहे माह्यापाशी."

"गाडी काढा."

"तो येणार नाई विमल. मी शब्द वापस घेतल्याबिगर..."

"तं घ्या. गाव का मेलं आहे?"

काकाजींनी किल्ली माझ्या हातात दिली, गाडी मीच घेतली. गावातून जाताना पारापाशी त्यांनी थांबायला सांगितलं. पारावर नेहमीची मंडळी होती, अण्णाजी, दौलतराव, आणखी चार टाळकी. काकाजी खाली उतरले, शर्ट खाली ओढला आणि तोरणाखाली बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "मी धनूले आणाले चाललो. त्या दिवशी बोललो ते चुकलो. कोणाले काही इचाराचं असन तं मले इचारजा, त्याले नाई."

अण्णाजींनी, जा म्हणून, हात वर केला. काकाजी परत येऊन बसले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

आर्वी मागे पडली, नदीचा पूल मागे पडला. काकाजींनी खिशातून मोबाइल काढला. "निघालो म्हून सांगतो त्याले."

"काही सांगू नका," काकूंनी मोबाइल काढूनच घेतला. "सांगतलं तं पळन."

अमरावतीच्या बाहेर पत्र्याचं एक गॅरेज होतं. आत एक खोललेला ट्रॅक्टर आणि त्याच्याखालून बाहेर आलेले दोन लांब पाय. मी गाडी थांबवली, पण नीट थांबायच्या आतच काकू उतरल्या. काकाजी त्यांच्या मागे गेले आणि चार पावलांवर अडले.

धनू ट्रॅक्टरखालून सरकत बाहेर आला, कपाळाला ग्रीस, हातात पाना. उठून उभा राहिला आणि त्याला आई दिसली. त्याने बापाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. गॅरेजला दार एकच होतं, आणि त्या दारात विमलाकाकू चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभ्या होत्या.

"पाह्यलं मले?" त्या म्हणाल्या. "आता जाऊन दाखव."